हातांचं इसब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोविडच्या साथीत रुग्णालयातल्या सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय आणि मावशी यांचे हात अक्षरशः फुटले. चीनच्या हुबेई प्रांतात 2020 मध्ये 542 आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यातल्या 526 जणांना त्वचेचा काही ना काही त्रास होता. दिवसात दहापेक्षा जास्त वेळा हात स्वच्छ करणाऱ्यांच्या हातांना धोका अधिक होता. तरीही या दुखण्याबद्दल चुकीच्या समजुती टिकून आहेत.

गैरसमज: सॅनिटायझर झोंबतं, म्हणजे त्याची अ‍ॅलर्जी आहे.
वस्तुस्थिती: अल्कोहोल झोंबतं ते आधीच फुटलेल्या त्वचेला. भेगा पडतात त्या बहुधा साबण आणि गरम पाण्यामुळे, कारण त्वचेतलं तेल त्यांनी धुऊन जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या सूत्रात त्वचेसाठी ग्लिसरॉल घातलेलं असतं. हाताला रक्त किंवा घाण लागली नसेल, तर बहुतेक वेळा सॅनिटायझर पुरतं. साबणाने हात धुतल्यावर लगेच तेही चोळायची गरज नसते.

गैरसमज: ग्लोव्हज घातले की हात सुरक्षित.
वस्तुस्थिती: ओल्या हातांवर ग्लोव्हज चढवले, तर आत घाम आणि साबणाचा अंश कोंडून त्वचा आणखी सोलवटते. हात नीट टिपून, कोरडे करूनच ते घालावेत. रबर बनवताना वापरलेल्या रसायनांची अ‍ॅलर्जी नायट्राइल ग्लोव्हजनेही होऊ शकते. ग्लोव्हज संपतात तिथपर्यंत, मनगटावरही पुरळ असेल, तर पॅच टेस्ट करून घ्यावी.

गैरसमज: इसब संसर्गजन्य असतं.
वस्तुस्थिती: ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. मात्र भेगांमध्ये जंतू ठाण मांडतात आणि हात नीट स्वच्छ होत नाहीत. म्हणून हातांवर उपचार करणं हे रुग्णाच्याही हिताचं आहे.

गैरसमज: मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली की झालं.
वस्तुस्थिती: अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. इसब समजून ते नायट्यावर लावलं, तर नायटा पसरतो. हात किंचित ओलसर असताना बोटांच्या बेचक्यांत, नखांभोवती मॉइश्चरायझर लावावं. पेट्रोलियम जेली घरी, झोपताना लावावी. तिने लेटेक्सचे ग्लोव्हज कमकुवत होतात.

हात फुटणं हा सेवेचा अटळ भाग नाही. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि प्रत्येक वॉर्डात सॅनिटायझरशेजारी मॉइश्चरायझरची बाटली ठेवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.