प्रश्न आधी, उतारा नंतर

करोनाच्या वर्षी चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा महिनाभर पुढे गेली होती. एरवी गेली वीस वर्षं ८ जूनला दुपारी तीन वाजता चीनभरच्या शाळांमध्ये इंग्रजीचा पेपर सुरू होतो. परीक्षेचं नाव गाओकाओ. बारावीनंतर विद्यापीठात जायचा हाच मुख्य दरवाजा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाख २० हजार मुलांनी नावं नोंदवली. एकूण गुण ७५०, त्यात चिनी भाषा, गणित आणि परदेशी भाषा यांना प्रत्येकी १५०. परदेशी भाषेत रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश हे पर्याय आहेत आणि इंग्रजीला कंटाळलेली काही मुलं जपानीकडे वळतातही, पण बहुतेकांसाठी परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीच. बऱ्याच प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय पेपरात १५० पैकी ५० गुण निव्वळ वाचून समजण्याचे असतात. त्या ५० गुणांसाठी ही मुलं काय वाचतात, कसं वाचतात आणि त्यातून खरोखर वाचायला शिकतात का, हे पाहण्यासाठी हा लेख.

इंग्रजीला हे स्थान मिळायला वेळ लागला. १९५०च्या दशकात चिनी शाळांत रशियनची चलती होती. सोव्हिएत संघाशी बिनसल्यावर इंग्रजीकडे ओढा वाढला, तोवर १९६६ साली सांस्कृतिक क्रांती आली आणि प्रवेश परीक्षाच बंद पडली. ती पुन्हा झाली १९७७च्या हिवाळ्यात. सुमारे ५७ लाख जण बसले आणि जेमतेम २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. खेडोपाडी इंग्रजीचे शिक्षकच नव्हते, म्हणून सुरुवातीला इंग्रजीचे गुण धरले जात नसत. मग दरवर्षी त्यातला थोडा थोडा हिस्सा धरत १९८३ साली ते पूर्ण धरले जाऊ लागले. एवढ्या मोठ्या देशाने एखादा विषय इतक्या सबुरीने आत आणल्याची उदाहरणं कमी आहेत.

त्या पिढीतले यू मिनहोंग जियांगसू प्रांतातल्या एका खेड्यातले. दोनदा त्यांचा प्रवेश हुकला. तिसऱ्या खेपेला, १९८० मध्ये, ते पेकिंग विद्यापीठात इंग्रजी शिकायला गेले. १९९३ मध्ये त्यांनी ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणी संस्था काढली आणि ती चीनमधल्या सर्वांत मोठ्या शिकवणी कंपन्यांपैकी एक झाली. २०२१च्या जुलैमध्ये सरकारने नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली, तेव्हा या कंपनीला धंदाच बदलावा लागला. ती इंटरनेटवरून शेतमाल आणि खाद्यपदार्थ विकू लागली. तिथले इंग्रजीचे शिक्षक डोंग यूहुई २०२२ मध्ये फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून, समजावून सांगत माल विकत होते आणि लाखो लोक ते पाहत होते. इंग्रजी शिकण्याची भूक त्या देशात किती खोल आहे, हे त्यावरून कळतं.

शाळेतलं इंग्रजी मात्र पाठ्यपुस्तकानेच घडवलं. १९९०च्या दशकात माध्यमिक शाळेत शिकलेल्या चिनी माणसाला ली लेई आणि हान मेईमेई ही नावं विचारा, त्याचा चेहरा उजळेल. पीपल्स एज्युकेशन प्रेसने लाँगमनच्या साथीने केलेल्या पुस्तकांतली ही मुलं. आजच्या वरच्या वर्गांच्या पुस्तकांत मलेरियावरचं औषध शोधणाऱ्या तू योयो आणि संकरित भाताचे युआन लोंगपिंग भेटतात. आपल्या माणसांच्या कामाबद्दल परक्या भाषेत वाचायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. आशय ओळखीचा असला की भाषेची भीती कमी होते.

परीक्षेतले उतारे याच्या उलट दिशेने जातात. ए, बी, सी, डी असे चार उतारे, त्यावर पंधरा बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला अडीच गुण. शिवाय पाच वाक्यं गाळलेला एक उतारा असतो, त्यात सातपैकी योग्य पाच वाक्यं नेमून बसवायची. २०२३चा एक पेपर घ्या. पहिला उतारा ॲमस्टरडॅममध्ये भाड्याने सायकल घेण्याचे दर आणि सहलींची माहिती देणारा. दुसरा जॉन टॉड यांच्यावर, ज्यांनी वनस्पती आणि सूक्ष्म जीव वापरून सांडपाणी शुद्ध करायची पद्धत उभी केली. तिसरा मोबाइलचा वापर कमी करण्यावरच्या एका पुस्तकाची ओळख. चौथा फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १९०७च्या लेखापासून सुरू होऊन, अनेकांच्या अंदाजांची सरासरी एकट्याच्या अंदाजापेक्षा अचूक का निघते, यावर येतो. आदल्या वर्षी एका उताऱ्यात लंडनच्या वृद्धाश्रमांतल्या आजी-आजोबांचा एकटेपणा घालवायला कोंबड्या पाळायला दिल्याची हकिगत होती. दुसऱ्यात शेती आल्यावर माणसाचं खाणं मऊ झालं, जबड्याची ठेवण बदलली आणि त्यामुळे ‘फ’, ‘व’सारखे उच्चार सोपे झाले, असं मांडणारं संशोधन होतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर इतकं चांगलं वाचन ठेवणाऱ्या प्रश्नपत्रिका मी फार पाहिलेल्या नाहीत.

या उताऱ्यांमागे मोठी कारागिरी आहे. अभ्यासक्रमात शब्द आहेत तीन हजारांच्या आसपास. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायची, तर आठ-नऊ हजार शब्दकुळांची ओळख लागते, असा भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांचा २००६चा हिशेब आहे. त्याआधी २००० साली त्यांनी आणि संशोधक हू यांनी दाखवलं होतं, की मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असतील तरच तो आपल्या आपण नीट समजतो. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी चालतो. तीन हजार आणि नऊ हजार यांतली दरी प्रश्नपत्रिका काढणारे भरून काढतात. मूळ लेख कापायचा, अवघड शब्दाजागी सोपा घालायचा आणि जो शब्द टाळताच येत नाही त्याच्यापुढे कंसात चिनी अर्थ द्यायचा. कंसातला तो अर्थ मुलाला शब्दापाशी अडकू देत नाही, विचाराकडे जाऊ देतो.

वाक्यरचनेची अडचण मात्र कंसाने सुटत नाही. चिनीत विशेषण-वाक्य नामाच्या आधी येतं, आपल्या ‘काल आलेला पाहुणा’सारखं. इंग्रजी आधी पाहुणा सांगते आणि मग तो कोण, कधी, कुठून आला ते मागे लावत जाते. त्यात चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, म्हणून इंग्रजीतला भूतकाळाच्याही मागचा काळ मुलांच्या नजरेतून सहज निसटतो. चिनी शिक्षक अशा वाक्यांना ‘लांब-अवघड वाक्यं’ म्हणतात आणि वर्गात ती उलगडतात. कर्ता कोणता, मुख्य क्रियापद कोणतं, उपवाक्य कुठून कुठवर. हे काम ते मनापासून करतात आणि ते उपयोगीही आहे.

बिघडतं ते पुढे. उताऱ्यावरच्या प्रश्नांची चार जातींत वाटणी केली जाते: तपशील, तर्क, मुख्य कल्पना, शब्दाचा अर्थ. प्रत्येक जातीची युक्ती ठरलेली. आधी प्रश्न वाचा, त्यातला खुणेचा शब्द धरा, तो उताऱ्यात हुडका, आसपासच्या दोन ओळी पाहा आणि पर्याय रंगवा. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्व’ असे शब्द असलेला पर्याय संशयास्पद समजा. तीन वर्षं दर आठवड्याला असे उतारे सोडवलेल्या मुलाचे गुण वाढतात, यात शंका नाही. पण उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लेखकाच्या मागोमाग वाचण्याची सवय त्याला लागत नाही. वृद्धाश्रमातल्या कोंबड्यांची हकिगत वाचून त्या आजी-आजोबांबद्दल काही वाटायला त्याला उसंतच नसते.

हेबेई प्रांतातल्या हंगश्वे माध्यमिक शाळेचं नाव या कसून तयारीसाठी देशभर गाजलं. सकाळच्या कवायतीला रांगा लागेपर्यंतच्या मिनिटांतही मुलं हातातला कागद मोठ्याने वाचत असतात. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, म्हणून छापल्यासारखं इंग्रजी अक्षर घोटून घेतलं जातं. त्या वळणालाच आता हंगश्वे वळण म्हणतात. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. मोठ्याने म्हणण्याने उच्चार आणि शब्द पक्के होतात. समजून वाचायला मात्र शांतता आणि सवड लागते आणि नेमकी तीच त्या वेळापत्रकात उरत नाही.

चिनी मुलांना वाचताच येत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. २०१८च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत बीजिंग, शांघाय, जियांगसू आणि झेजियांग यांचा गट वाचनात ५५५ गुणांनी जगात पहिला होता, अर्थात आपल्या भाषेतल्या वाचनात. हे चारही भाग सधन आहेत. गान्सू किंवा ग्वीझोच्या डोंगरातल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरं इंग्रजी फारसं नसतं. ॲमस्टरडॅमचे सायकलदर शांघायच्या मुलाला ओळखीचे वाटतात, त्याला ते दूरचे वाटतात. शब्द सोपे केले तरी हे अंतर शिल्लक राहतं.

या गुणांवर किती जणांचं भवितव्य टांगलेलं असतं, ते झेजियांगमध्ये दिसलं. नोव्हेंबर २०१८चा पेपर अवघड गेला म्हणून प्रांताच्या शिक्षण खात्याने वाचन आणि भाषावापराच्या काही प्रश्नांचे गुण वजन लावून बदलले. पालक खवळले, चौकशी बसली, बदललेले गुण रद्द करून मूळ गुण द्यावे लागले. त्याच प्रांतात २०१७ साली चिनी भाषेच्या पेपरात एका कथेवर प्रश्न होता: शेवटी माशाच्या डोळ्यांत चमकणाऱ्या विचित्र प्रकाशाचा अर्थ काय? कथेचे लेखक गोंग गाओफेंग यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्याचं उत्तर आपल्यालाही येत नाही. आकलनाला एकच बरोबर उत्तर असतं असं धरून चालण्यातला धोका याहून स्पष्ट कोण सांगणार?

यावरचा उपायही झेजियांगनेच आधी आणला. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या इंग्रजी पेपरात अर्धी गोष्ट वाचून पुढची लिहायचा प्रश्न आला आणि पुढे तो अनेक प्रांतांत गेला. गुण २५. सुमारे साडेतीनशे शब्दांची गोष्ट, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली, बाकी मुलाने लिहायचं. २०२३ची गोष्ट इंग्रजी मातृभाषा नसलेल्या एका मुलाची होती. शिक्षकांच्या आग्रहाने तो लेखनस्पर्धेसाठी अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरच्या घोड्याची गोष्ट लिहायला घेतो. इथे खुणेचा शब्द हुडकून भागत नाही. त्या मुलाचा संकोच आणि शिक्षकांचा विश्वास ज्याला कळला, त्यालाच पुढचं लिहिता येतं. शिकवण्यांनी यावरही डोळ्यांत पाणी तरळण्याची तयार वाक्यं पाठ करून घ्यायला सुरुवात केली आहे. तरी गेल्या पन्नास वर्षांत या पेपरात झालेला हा सर्वांत चांगला बदल आहे, असं माझं मत आहे.

२०१७च्या अभ्यासक्रमाने पाठ्यपुस्तकाबाहेरचं इंग्रजी वाचनही मागितलं आहे: आधी आठवड्याला सरासरी किमान १५०० शब्द, वरच्या टप्प्यात २५००. हे मोजमाप मोठं नाही, पण परीक्षेत त्याला थेट गुण नाहीत आणि सरावाचे उतारेच त्याची जागा खातात. २०२४च्या पेपरात सी क्रमांकाचा उतारा होता कागदावरच्या आणि पडद्यावरच्या वाचनातल्या फरकावर. लांब, गुंतागुंतीचा मजकूर कागदावर, मन लावून वाचला तर जास्त समजतो, असं त्यात मांडलं होतं. देशाच्या सर्वांत मोठ्या परीक्षेने मुलांसमोर ठेवलेला हा विचार त्यांच्या वर्गांपर्यंतही पोचायला हवा.

महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं २०००मध्ये, चीनने तिसरीपासून २००१मध्ये. दोन्हीकडच्या मुलांसमोर तोच अपठित उतारा आणि तीच युक्ती आहे. आपल्याकडे दहावीला गोष्ट पुरी करायचा प्रश्न येतो, पण त्याआधी वाचायला मिळतात त्या दोन-चार ओळी. आपल्या मंडळाने आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हा चिनी प्रश्नप्रकार एका सराव परीक्षेत तरी घालावा: साडेतीनशे शब्दांची पूर्ण गोष्ट, वाचायला पुरेसा वेळ आणि मग पुढचे दोन परिच्छेद मुलांच्या हाती.