राउटरचे खण आणि पडद्यावरचे डॉक्टर

गावातल्या आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळावा, यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये ई-संजीवनी सेवा सुरू केली. कवठे महांकाळ तालुक्यातल्या रुग्णाची अशा सल्ल्याने मिरज-सांगलीची एक खेप वाचू शकते. मात्र डॉक्टर पडद्यावर मध्येच थिजले, की ‘नेट गेलं’ म्हणून रुग्ण उठतो. नेट जाते ते कुठे?

अनेक गावांच्या जोडण्या जिथे एकत्र येतात, तिथे मोठा राउटर असतो. घरातला राउटर डबीएवढा. हा म्हणजे खणाखणांची धातूची पेटी. प्रत्येक खणात एक कार्ड सरकवलेले असते. आतला एक मोठा सर्किट बोर्ड सर्व कार्डांना वीज पुरवतो आणि एकमेकांशी जोडतो. मुख्य कार्ड कोणती माहिती कोणत्या वाटेने जाईल हे ठरवते. बाकीच्या कार्डांना बाहेरच्या केबल जोडतात. काहींना तांब्याच्या, काहींना ऑप्टिकल फायबरच्या.

या रचनेचा फायदा असा, की केबल जोडलेले एक कार्ड बिघडले तर त्यावरच्याच जोडण्या बंद पडतात. अनेक मोठ्या राउटरमध्ये वीज न तोडता कार्ड बदलता येते. त्यासाठी जोडणीच्या काही पिना मुद्दाम लांब ठेवतात. त्यामुळे अर्थिंग आधी जुळते आणि संकेतांच्या पिना नंतर. मग कार्ड स्वतःची ओळख मुख्य कार्डाला कळवते आणि कामाला लागते. ही सोय प्रत्येक राउटरमध्ये नसते. काहींमध्ये आधी वीज बंद करावीच लागते.

कार्ड हाताळताना पथ्ये पाळावी लागतात. शरीरावरच्या स्थिर विजेचा चटका माणसाला साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. कार्डावरचे काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतही बिघडतात. म्हणून तंत्रज्ञ मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. रिकाम्या खणावर झाकण हवेच. ते नसेल तर पंख्याची हवा भलतीकडे निघून जाते, धूळ आत शिरते आणि पेटी तापते. फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये. त्यातला १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेसर दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि डोळ्याला इजा होऊ शकते.

सर्वांत मोठी चूक मात्र जोडणी देतानाच होते. रुग्णालयाला दोन लाइन दिल्या, पण दोन्ही एकाच कार्डावर असल्या, तर ते कार्ड बंद पडताच दोन्ही जातात. दोन सलाइन लटकवून दोन्ही एकाच सुईला जोडण्यासारखेच हे. सुई निघाली की दोन्ही थांबतात.

त्यामुळे लाइन किती आहेत एवढेच विचारून भागत नाही. त्या वेगळ्या कार्डांवर आहेत का, वेगळ्या मार्गाने येतात का आणि राखीव कार्ड जवळपास ठेवले आहे का, हे रुग्णालयाने सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. राखीव कार्ड शंभर मैलांवर असेल, तर पाच मिनिटांच्या बदलासाठी रुग्णाला दिवसभर ताटकळावे लागते.