बोळक्याचा कोड

समजा, तुमच्यापुढे कॉम्प्युटरवर एक कागद उघडलाय. बाई, वय ७२. तोंडात एकही दात नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, हिरड्यांच्या आजारामुळे सगळे दात गेले, कवळी बसवायची आहे. आता याचा कोड लिहा.

आपल्याकडे याला एकच शब्द आहे, बोळकं. मेडिकल कोडिंगमध्ये मात्र या बोळक्याचे तब्बल २५ प्रकार आहेत.

बीएस्सी, बी.फार्म. किंवा बीएचएमएस झालेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत या वाटेला लागलेलं असेलच. काम थोडक्यात असं, की अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड लावायचा. त्यावर तिथल्या विमा कंपन्या बिल देतात. आजारांच्या कोडचं पुस्तक म्हणजे आयसीडी-१०-सीएम. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे.

माझं आजोळ सौंदडचं. मामेबहीण तिथे घरी बसून सीपीसीच्या परीक्षेची तयारी करते, आणि हा दाताचा कोड मला तिनेच शिकवला, भात निवडत बसलेल्या आजीच्या शेजारी बसून.

कोड आहे के०८.१२, आणि त्यापुढे आणखी एक आकडा. 'के' हे पचनसंस्थेच्या प्रकरणाचं अक्षर. दात पचनात कसे, असं मलाही वाटलं होतं. पण घास तिथूनच आत जातो ना. के०८ म्हणजे दात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भागांचे इतर विकार. टिंबानंतरचा १ म्हणजे सगळेच दात गेलेले. एक जरी शिल्लक असला तरी हा कोड चालत नाही, के०८.४ च्या गटात जावं लागतं. पाचवी जागा कारणाची. मार लागून गेले तर १, हिरड्यांच्या आजाराने २, किडीने ३, दुसऱ्या कारणाने ९, आणि कारण लिहिलेलंच नसेल तर ०.

सहावी जागा क्लासची, आणि खरी गंमत तिथे आहे. दात गेले की त्यांना धरणारं हाडही हळूहळू झिजतं. मग कवळी बसायची कशावर? अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्स या संस्थेने १९९९ मध्ये अशा पेशंटचे चार क्लास केले. जबड्यांची एकमेकांशी ठेवण वगैरे बाकी निकष आहेतच, पण मुख्य बघतात ती एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याच्या हाडाची उंची. २१ मिलिमीटर किंवा जास्त उरलं असेल तर क्लास १, १६ ते २० ला २, ११ ते १५ ला ३, आणि १० किंवा त्याहून कमी असेल तर ४.

तर वरच्या बाईचा कोड? मी के०८.१२१ म्हणून मोकळी झाले होते. चूक! कागदावर क्लास लिहिलाच नाहीये, म्हणून शेवटी ९. के०८.१२९. सहावा आकडा गाळला तर कोडच अपुरा, क्लेम परत. (कवळीच्या उपचाराचे कोड वेगळे, वरच्या पूर्ण कवळीला डी५११०, खालच्या पूर्ण कवळीला डी५१२०.)

मग मी म्हटलं, आता आजीचा कोड काढू.

आजीचे दात किडलेले नव्हते. अख्खेच्या अख्खे हलायला लागायचे आणि एक दिवस हातात यायचे. शेवटचे चार-पाच कुणा डॉक्टरने काढले. चाळीसेक वर्षं ती सकाळ-संध्याकाळ गुडाखू घासायची. मला कारण सरळ दिसत होतं. हिरड्या. लाव २.

"कागद कुठाय?" मामेबहीण म्हणाली.

कागद नव्हता. आणि कोडरने अंदाज लिहायचा नसतो, अगदी बरोबर असला तरी. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच. शंका असेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवायची. इथे क्वेरी कुणाला पाठवणार? म्हणून आजीचा कोड के०८.१०९. कारण नमूद नाही, क्लास नमूद नाही.

आजी म्हणाली, "दात गेले तं गेले, आता हिशोब कायले?"

तो ० काही माझ्या डोक्यातून जात नाही. कारण हा आजार एका रात्रीत होत नाही. दातांवरचा चिकट थर साफ झाला नाही की कडक होतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. पुढे हिरडी दातापासून सुटते. निरोगी हिरडीची फट तीन मिलिमीटरपर्यंत असते. ती खोल होत गेली की आतलं हाड खचायला लागतं. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कुणी जात नाही. मधुमेह असेल तर धोका वाढतो. तंबाखूने तर वाढतोच.

आता तुम्ही म्हणाल, गुडाखू म्हाताऱ्यांचं. बरं, मग पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा कुणाचा? २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरत होते, म्हणजे जवळपास चारातला एक. पुडी गालात जिथे धरता, नेमकी तिथलीच हिरडी खाली सरकते. आरशात बघा, दात लांब झाल्यासारखे दिसतील. खर्रा हा शब्द अमेरिकन पुस्तकात नाही, पण तंबाखू चघळण्याच्या व्यसनाला कोड आहे, एफ१७.२२०. मामेबहिणीने तो शेजारच्या पोट्ट्याला ऐकवला. त्याने तो टी-शर्टवर छापायचं ठरवलंय म्हणे.

या कामात यायचं असेल तर एवढं जाणून घ्या. सीपीसी परीक्षा एएपीसी या अमेरिकन संस्थेची. १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा कागद नीट वाचणं जास्त कामाचं. पुस्तक दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतं, त्यामुळे जुनी सेकंडहँड प्रत घेऊन फसू नका. आणि 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी तिथून पास झालेल्या दोघांशी बोला.

आजीची खालची कवळी ढिली आहे, ती डब्यातच असते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिला सौंदडहून गाडीने गोंदियाला नेतोय. एक्स-रे होईल, मिलिमीटर कळतील, आणि कारण कागदावर लिहून द्या असं मामेबहीण डॉक्टरांना सांगणार आहे. आजीची एकच अट आहे. मामाच्या मुलाचं लग्न यायच्या आत कवळी घट्ट बसली पाहिजे, तिला पापड खायचाय.