परोपकाराची मर्यादा

अंदमान म्हटले की मराठी वाचकास सेल्युलर जेल व काळे पाणी आठवते. त्या बेटांचे मूळ रहिवासी कोण आणि तुरुंग बांधणाऱ्यांच्या आगमनाने त्यांचे काय झाले, हा इतिहास मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. स्वतःस प्रगत समजणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या साध्या जीवनात कितपत हात घालावा, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर याहून जवळचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

१८५८ साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम) येथे बंदिवानांची वसाहत वसविली. तेव्हा ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातींची काही हजार माणसे तेथील अरण्यांत नांदत होती. आरंभीच्या चकमकींनंतर त्यांना माणसाळविण्यासाठी १८६३ मध्ये ‘अंदमान होम’ निघाले. त्याचा कारभार एका धर्मोपदेशकाकडे होता. अन्न, वस्त्र, निवारा, थोडे शिक्षण असा सारा बेत होता आणि तो केवळ दुष्टपणाचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु या सहवासाबरोबर उपदंश आला आणि १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या खानेसुमारीत ग्रेट अंदमानी ६२५ भरले. १९६१ मध्ये अवघे १९.

गोवराने एवढा संहार व्हावा, हे आपणांस नवल वाटेल. दाट वस्तीच्या समाजात तो पिढ्यानपिढ्या फिरत राहतो, बहुतेकांना बालपणीच होऊन जातो आणि सहसा पुन्हा होत नाही. लहान टोळ्यांत मात्र तो टिकूच शकत नाही. म्हणून तेथे कोणाच्याही अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती नसते. बाहेरून रोग आला की लहानथोर एकदमच अंथरूण धरतात. मग शिकार कोणी आणावी, आणि आजाऱ्याच्या तोंडी पाणी तरी कोणी घालावे? रोगातून वाचणारेही अशा वेळी उपासमारीने जातात.

१८८० मध्ये पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला. एक वृद्ध जोडपे व चार मुले हाती लागली, त्यांना त्याने पोर्ट ब्लेअरला आणले. सारी आजारी पडली. दोघे वृद्ध वारले. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. त्या वस्तूंबरोबर रोगही बेटावर गेला असेल, तर त्याची नोंद ठेवणारे तेथे कोणी नव्हते. बाहेरच्यांच्या सहवासाने अंदमानी लोकांचे अहितच झाले, अशी कबुली पुढे याच पोर्टमनने दिली.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये या जमातींच्या रक्षणासाठी विनियम केला. तरी नारळ घेऊन सेंटिनेलच्या किनाऱ्यापर्यंत जाण्याच्या मोहिमा १९६७ पासून चालूच होत्या. १९९१ च्या जानेवारीत बेटवासीयांनी ते नारळ प्रथमच अगदी जवळ येऊन स्वीकारले. इतक्या वर्षांच्या चिकाटीला यश आले खरे. पण थोड्याच वर्षांत सरकारने या भेटी बंद केल्या. हा निर्णय शहाणपणाचा होता. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीस गेलेल्या हेलिकॉप्टरवर तेथील एका माणसाने बाण रोखला. आपण जिवंत आहोत आणि मदत नको, हे दोन्ही त्याने एकदमच कळविले! २०१८ च्या नोव्हेंबरात एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी कायदा मोडून बेटावर उतरला व मारला गेला. त्याची श्रद्धा खोटी नसेल. परंतु यजमानाने दार लावून घेतले असता आत शिरण्याचा अधिकार श्रद्धेच्या प्रामाणिकपणातून उत्पन्न होत नाही.

तथापि, दूर राहणे हेच सदैव पुण्य, असेही म्हणता येत नाही. १९९६ मध्ये पाय मोडलेला एक जारवा तरुण इस्पितळात बरा करून घरी धाडण्यात आला. पुढच्याच वर्षी जारवा आपण होऊन गावांकडे येऊ लागले. त्या तरुणास तसेच टाकून द्यावयास हवे होते, असे कोण म्हणेल? १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर शिरला; पण या वेळी डॉक्टर हजर होते. २००१ मध्ये जारवांची संख्या २४० होती, ती २०११ मध्ये ३८० झाली. त्यांच्या अरण्यातून नेलेल्या हमरस्त्याने मात्र तंबाखू, दारू आणि बिस्किटे फेकून त्यांना नाचावयास लावणारे प्रवासी तेथपर्यंत पोहोचविले. औषध आणि तमाशा एकाच वाटेने येतात, ही या प्रकरणातील खरी अडचण.

आज सेंटिनेलवर पाऊल ठेवण्यास मनाई आहे. बेटाची पाहणी दुरूनच होते. उद्या जारवांप्रमाणे ते लोकही आपण होऊन बाहेर आले, तर लस, डॉक्टर व विलग निवारा आधीपासून सज्ज असावा लागेल. संमती विचारावयाची तर भाषा हवी, आणि पूर्वी तेथे नेलेल्या शेजारच्या ओंगी माणसांनाही त्या लोकांचे बोलणे समजले नव्हते.