आधी ब्रेकचा दिवा पाहा

गाडीच्या मागचे लाल दिवे ती चालवणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. ते बंद पडले तर कळते मागच्याला, आणि तेही बहुधा उशिरा. म्हणून जुन्या व्हॅनचे क्रूझ कंट्रोल चालेनासे झाले, की मी आधी ब्रेकचे दिवे पाहायला सांगतो.

क्रूझ कंट्रोल म्हणजे ठरवून दिलेला वेग गाडीने आपला आपण राखणे. आपल्याकडच्या जुन्या व्हॅनमध्ये ही सोय नव्हती. अमेरिकेत मात्र सात-आसनी व्हॅनमध्ये ती केव्हापासूनच आहे.

ओहायोत राहणाऱ्या माझ्या मुलीकडे अशीच एक जुनी व्हॅन आहे. तीस वर्षे ऑटो-इलेक्ट्रिशियनचे काम केलेला माणूस पाहुणा म्हणून गेला तरी बॉनेट उघडल्याशिवाय राहत नाही. क्रूझ बंद होते. ‘‘बाबा, चैनीची वस्तू आहे ती, राहू द्या,’’ मुलगी म्हणाली. जावईबापूंची काळजी वेगळीच. गिअरचा दांडा मधूनच ‘पी’वरून हलत नसे, म्हणजे गिअरबॉक्सचा मोठा खर्च! मी मुलीला ब्रेक दाबायला सांगून गाडीच्या मागे उभा राहिलो. उजवा दिवा नाही, डावा नाही, वरचा तिसराही नाही. नातवंडांना मागे बसवून ती तशीच महामार्गावरून ये-जा करीत होती.

तक्रारी तीन, मूळ एकच. ब्रेक पेडलच्या दांड्याला टेकून एक छोटा स्विच असतो. पाय वर असताना त्याची दांडी आत दबलेली असते आणि दिव्याचा मार्ग तुटलेला असतो. पाय दाबला, की दांडी बाहेर येते आणि दिवे लागतात. क्रूझचा संपर्क नेमका उलटा. तो एरवी जुळलेला असतो, ब्रेकला पाय लागताच तुटतो आणि गाडी वेग सोडून देते. बऱ्याच व्हॅनमध्ये हे दोन्ही संपर्क एकाच डबीत असतात. क्रूझचे नियंत्रण करणारे यंत्र दोन्ही निरोप ताडून पाहते. ते जुळले नाहीत तर ते काम करायलाच नकार देते. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे. गिअरचे कुलूपही ब्रेक दाबल्याची खूण याच स्विचकडून घेते. मुलीच्या गाडीत दिव्याचे संपर्क जळून काळे पडले होते. गिअरबॉक्स धडधाकट होता.

तपासायला फार अवजारे लागत नाहीत. एकटे असाल तर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून लाल उजेड पाहा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब बदला. तिन्ही गेले असतील तर आधी फ्यूज, मग स्विच. (तिथल्या व्हॅनना तिसरा दिवा १९९४च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला.) टेस्ट लॅम्प घेऊन पाहा. स्विचच्या एका वायरीत कायम करंट हवा, दुसरीत पेडल दाबल्यावर. पहिलीत आहे आणि दुसरीत येत नाही, तर स्विच गेला.

उलटा प्रकारही होतो. दिवे विझतच नाहीत, सकाळी बॅटरी उतरलेली. अशा वेळी पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचा चुरा सापडतो का पाहा. पेडलवर स्विचची दांडी जिथे टेकते, तिथली गुंडी काही गाड्यांत वयोमानाने फुटते आणि दांडी भोकातून आरपार जाते. स्विच चांगलाच असतो. काही जुन्या गाड्यांत क्रूझला दिव्याच्या तारेतून अर्थ मिळतो. तिथे हौसेने एलईडी बल्ब लावले, की क्रूझ रुसते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. क्रूझ चालावे म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडू नका. मग ब्रेक दाबूनही क्रूझ सुटणार नाही.

फोर्डच्या जुन्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यांत क्रूझ तोडणारा एक जादा स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर किंवा त्याच्याजवळ होता. एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, मध्ये पातळ पडदा. पडदा चिरला, की ऑइल संपर्कांपर्यंत झिरपे. किल्ली काढली तरी त्यात करंट असे, त्यामुळे उभ्या गाड्यांना आगी लागल्या. १९९९ ते २००९ या काळात कंपनीने यापायी सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत इकोनोलाइन आणि विंडस्टार या व्हॅनही होत्या. तुमच्या कुणाची अशी गाडी अजून चालत असेल, तर ती दुरुस्ती झाली होती का, हे डीलरला गाडीचा क्रमांक देऊन विचारून घ्या.

नवा स्विच बसवतानाही घाई नको. काही स्विच बसवताना एकदाच आपली जागा धरतात. दांडी पूर्ण बाहेर ओढायची, पेडल दाबून धरून स्विच बसवायचा आणि मग पेडल हळूच सोडायचे. एकदा काढलेला स्विच पुन्हा लावू नये. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून ब्रेकला नुसता पाय टेकवा. क्रूझ तत्क्षणी सुटले पाहिजे.