पांदणीवरची सायकल

मुलांनो, शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला आपल्याकडे पांदण म्हणतात. पुसद तालुक्यातील गहुली गावी १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले, तेव्हा खेड्यांतली ये-जा अशाच वाटांनी चाले. पांदणीवर मोटारींची वर्दळ नसते, म्हणून सायकलस्वाराला ती मोठी सुखाची. मात्र मुरूम फसवा असतो! चाकात हवा ठासून भरली, की टायर खड्यांवरून उडतो. थोडी कमी ठेवली, तर तो जमिनीला अधिक टेकतो व पकड येते. फार कमीही नको, रिमला मार बसतो. उतारावर नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबाल, तर तोंडावर पडाल. आधी मागचा, तोही हळूहळू. बाभळीचे काटे असतात, म्हणून पंक्चरचे सामान जवळ ठेवा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात घट्ट बसते. मग सायकलच आपल्या खांद्यावर बसते!