पोस्टकार्डावर न दिसणारा आवाज

मित्रांनो, सबमिशन्स, व्हायव्हा आणि मेसच्या भाजीवरची चर्चा यांतून पाच मिनिटं काढा आणि माझ्याबरोबर जर्मनीतल्या लाइपझिग शहरात चला. तिकीट लागणार नाही, कारण आपण जुन्या पोस्टकार्डांवरून जाणार आहोत. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, चालवून घ्या!)

ही कार्डं आहेत 'गेवांडहाउस' या संगीतगृहाची. नावाचा अर्थ 'कापडाचं घर'. लाइपझिग हे व्यापाऱ्यांचं गाव. तिथल्या कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत १७८१ साली मैफलींसाठी एक हॉल केला गेला आणि नाव कायमचं चिकटलं. पुढे तो हॉल अपुरा पडू लागला. तेव्हा मार्टिन ग्रोपियस आणि हाइनो श्मीडेन या आर्किटेक्टांच्या डिझाइनप्रमाणे नवी इमारत उभी राहिली. तिचं उद्घाटन ११ डिसेंबर १८८४ रोजी झालं. कार्डांवर दिसते ती ही दुसरी इमारत.

कार्डावर तारीख नसली तरी त्याचं वय काढता येतं. डिटेक्टिव्हगिरीच म्हणा ना! आधी कार्ड उलटं करा. मागची बाजू अख्खी पत्त्यासाठी आणि मजकूर मात्र पुढे चित्राच्या कडेला कोंबलेला, असं असेल तर ते बहुधा १९०५ च्या आधीचं. त्या वर्षापासून जर्मन पोस्टाने मागच्या बाजूचे दोन भाग करू दिले : एकात पत्ता, दुसऱ्यात मजकूर.

आता चित्र बघा. इमारतीपुढे पुतळा आहे का? तो संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनचा. १८३५ पासून तो गेवांडहाउसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. त्याचा पुतळा १८९२ मध्ये इथे बसवला आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये नाझींनी तो काढून टाकला. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू होता, एवढंच कारण! महापौर कार्ल ग्योर्डेलर तेव्हा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी पुतळा पुन्हा बसवा असा आग्रह धरला. कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं. पुढे हिटलरविरोधी कटात सामील असल्याबद्दल १९४५ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. म्हणजे समोरून घेतलेल्या दोन कार्डांत फरक फक्त एका पुतळ्याचा, पण त्या रिकाम्या जागेत केवढा इतिहास!

नंतर इमारतही गेली. १९४३-४४ च्या बॉम्बहल्ल्यांत ती उद्ध्वस्त झाली आणि १९६८ मध्ये उरलेले अवशेषही पाडले. १९८१ मध्ये तिसरं गेवांडहाउस उघडलं, पण दुसऱ्या जागी. मेंडेल्सझोनचा पुतळा २००८ मध्ये पुन्हा घडवून शहरातल्या थॉमस चर्चजवळ बसवला.

मग दुसऱ्या गेवांडहाउसचं उरलं काय? फक्त कार्डं? इथे आपला, म्हणजे इंजिनियर लोकांचा, विषय सुरू होतो.

आतल्या हॉलचा आकार साधा, बुटाच्या खोक्यासारखा : लांब, अरुंद, उंच. त्याच्या आवाजाचं नाव युरोपभर होतं. अमेरिकेत बॉस्टनला नवा हॉल बांधायचा ठरला तेव्हा हाच नमुना समोर ठेवला गेला. पण लाइपझिगला सुमारे १५०० खुर्च्या, बॉस्टनला हव्या होत्या सुमारे २६००. सोपा उपाय म्हणजे सगळी मापं १.३ पट करायची, बरोबर?

चूक! हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी हिशोब मांडला. आवाज बंद केल्यावर तो किती वेळ घुमत राहतो, त्याला रिव्हर्बरेशन टाइम म्हणतात. हा वेळ हॉलच्या घनफळाबरोबर वाढतो आणि भिंती, पडदे, माणसं मिळून जितका आवाज शोषतात तितका कमी होतो. लांबी १.३ पट केली की आवाज शोषणारं क्षेत्रफळ १.६९ पट होतं, पण घनफळ जवळजवळ २.२ पट! म्हणजे घुमणंही १.३ पट. लाइपझिगच्या छापील नकाशांवरून सॅबिन यांनी तिथला आकडा २.३० सेकंद काढला होता. नुसता मोठा केलेला हॉल तीन सेकंद घुमला असता आणि सुरांचा काला झाला असता. म्हणून बॉस्टनच्या हॉलची मापं वेगळी घेतली आणि त्यांच्या हिशोबाने उत्तर आलं २.३१. तो हॉल १९०० मध्ये उघडला. आजही तो जगातल्या उत्तम हॉल्समध्ये गणला जातो.

लाइपझिगची इमारत पडली, पण तिचे आकडे कोणीतरी छापून ठेवले होते आणि कोणीतरी ते नीट वाचले होते. म्हणून तिच्या आवाजाचा थोडा तरी वारसा समुद्रापलीकडे टिकला. ड्रॉइंग शीटवर मापं घालताना कंटाळा येतो ना? तेव्हा हे आठवा.

आणि हो, एक प्रयोग. आपलं ऑडिटोरियम रिकामं असेल तेव्हा एक जोरदार टाळी वाजवून ऐका. मग गॅदरिंगला हॉल भरला की पुन्हा वाजवा. आवाज कोण खातं ते कळेल. प्रेक्षकच, म्हणजे तुम्ही!